मिस्त्री कुठं हाये?

प्रेसवाल्या अतुलनं छापलेल्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला तेव्हा तो असा खुशीत होता, जसं घरच्याच पोरीचं लग्न जमलं. दामिनीनं वरचं कार्ड उचललं. चार कोपऱ्यांत चार गुलाब, मधोमध लक्ष्मी, आणि लक्ष्मीच्या पायाशी लाल ठळक अक्षरांत 'प्रो. हेमराज'. दामिनीचं नाव कुठंच दिसेना. तिनं कार्ड उलटून पाहिलं, तर मागची बाजू कोरी होती.

हेमराज म्हणजे दामिनीचा नवरा. सोसायटीत कारकून. मोटारीतलं त्याला एवढंच कळायचं, की बटण दाबलं की पाणी येतं आणि नाही आलं की बायकोला सांगावं. सौंसरच्या बस स्टँडामागं टिनाच्या शेडमध्ये जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरून देण्याचं जे दुकान होतं, ते सगळं दामिनीचं होतं. तांब्याची तार गुंडाळायला ती बापाच्या हाताखाली शिकली आणि लग्न झाल्यावर इथं येऊन तिनं आपलं बस्तान बसवलं.

"भाऊ, मी तर कागदावर माझं नाव लिहून दिलं होतं," ती म्हणाली.

"दिलं होतं ना, वहिनी. पण मोटारीच्या कामात बाईचं नाव बरं नाही दिसत. हेमराजभाऊचं मी माझ्या मनानंच टाकलं. पाहा, कसं शोभून दिसते."

आता या माणसाला काय म्हणावं? त्यानं वाईट हेतूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं तर तो शाबासकीची वाट पाहत उभा. दामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती ओरडली नाही. कागद जाड आहे, मागून कोरा आहे, कुठंतरी कामी येईल, असं म्हणून तिनं गठ्ठा पिशवीत टाकला आणि जाता जाता सांगितलं, की यापुढं आपलं कार्ड आपण घरीच छापू. अतुल हसला. घरी पापड होतात, वहिनी, कार्डं नाही होत, असंही तो म्हणाला.

तिला एवढं लागायचं कारण होतं. दुकानात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक उंबऱ्यावर मोटार आदळायचा आणि विचारायचा, "मिस्त्री कुठं हाये?" कोपरापर्यंत वार्निशनं माखलेली, हातात तार धरलेली दामिनी समोर बसलेली असायची. ती म्हणायची, मीच. गिऱ्हाईक हसायचा आणि बाकावर बसून मिस्त्रीची वाट पाहायचा. एकानं तर अख्खी दुपार वाट पाहिली, मिस्त्री काही येत नाही म्हणत मोटार उचलली आणि पार नागपूरला नेली. ती मोटार दामिनीनं संध्याकाळच्या आत भरून दिली असती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आणि आता रविवारी पांढुर्ण्याला संत्रा बागायतदारांचा मेळावा होता. खटपट करून तिनं तिथं एक टेबल मिळवलं होतं. उन्हाळा तोंडावर, बागांना पाणी द्यायचे दिवस, मोटारी धडाधड जळणार. एकदा प्रत्येकाच्या खिशात 'मिस्त्री : दामिनी' असं छापलेलं कार्ड गेलं, की दुकानात येऊन कोणी मिस्त्री शोधणार नाही, असा तिचा साधा हिशेब होता. कार्डावर आपलंच नाव असेल आणि ते एकटंच असेल, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

घरी संगणक होता. बंद पडलेल्या कोचिंग क्लासकडून हेमराजनं तो उचलून आणला होता. त्यात फुकटातलं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, आणि त्यात शोधत शोधत दामिनीला व्हिजिटिंग कार्डाची जागा सापडली. तिनं बटण दाबलं, तर पडद्यावर आधीच एक नाव येऊन बसलेलं. प्रवीण सर, एम.एस्सी., बी.एड. ते क्लासचे जुने मालक. यंत्रानं त्यांचं नाव जपून ठेवलं होतं आणि न विचारता कार्डावर चिकटवलं होतं.

"घ्या," दामिनी म्हणाली. "इथं बी एक माणूस आधीच बसून हाये."

तिनं प्रवीण सरांना एकेक अक्षर करून पुसलं. वर लिहिलं 'दामिनी मोटार वाइंडिंग', खाली 'मिस्त्री : दामिनी', त्याखाली मोबाइल नंबर. ना गुलाब, ना लक्ष्मी. एका पानावर अशा दहा चौकटी बसतात आणि त्यातल्या एका बारीकशा खुणेवर टिक ठेवली, की पहिल्या चौकटीत लिहिलेलं उरलेल्या नऊमध्ये आपोआप उतरतं, हेही तिला उमगलं. तिनं बटण दाबलं. दहा दामिन्या खटकन रांगेत उभ्या राहिल्या. तिला इतका आनंद झाला, की ती खुर्चीतच जरा वेळ पाहत बसली.

पण घरात 'छापणं' हा शब्द निघाला आणि तिथंच माशी शिंकली.

त्याचं असं आहे, की आपल्याकडे छापायचं म्हणजे लग्नाची पत्रिका, आणि पत्रिकेत नाव नाही म्हणजे माणसाचा पाणउतारा. हेमराजच्या थोरल्या भावाच्या, वीरेंद्रच्या लग्नात बोरगावच्या चिंधूमामांचं नाव पत्रिकेत राहून गेलं होतं. मामा मांडवाबाहेर खाट टाकून बसले. जेवेनात, उठेनात. "कागदावर नाव नाही, त माणूस मांडवात नाही," एवढंच म्हणायचे. शेवटी पांढुर्ण्याहून मामांच्या नावाचा रबरी शिक्का बनवून आणला, उरलेल्या पत्रिकांवर मामांच्या डोळ्यांदेखत ठपाठप मारला, तेव्हा मामा वरणभाताला हात लावते झाले. त्या दिवसापासून घरात कागद छापला जायचा असला, की आधी नावांची विचारपूस व्हायची.

म्हणून दामिनी कार्डं छापतेय म्हटल्यावर सासरे पुंडलिकरावांनी सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, की शेड ज्या जागेवर आहे ती जागा कोणाची. वीरेंद्रभाऊजींनी आठवण दिली, की दुकानाच्या पाटीला रंग त्यांनी आणला होता. सासूबाई शांताबाई काही बोलल्या नाहीत, फक्त भांडी जोरात ठेवू लागल्या. बोरगावला कोणी कळवलं देव जाणे, पण चिंधूमामांचाही फोन आला. दुकानातला बसायचा स्टूल त्यांनी दिला होता, आणि स्टुलाशिवाय मिस्त्री काय हवेत बसणार, असा त्यांचा सवाल होता.

"मी लग्न नाही लावून राहिली," दामिनीनं जेवताना सगळ्यांना एकदाच सांगितलं. "कार्डावर त्याचंच नाव येईन, जो मोटार भरन. ज्याले नाव पायजे त्यानं उद्या सकाळी तार गुंडाळाले यावं."

एकेक जण ताटावरून उठला. त्या उठण्याचा अर्थ हेमराजला बरोबर कळला. तो स्वभावानं असा, की रस्त्यावरच्या म्हशीलाही बाजूला हो म्हणायला संकोचायचा. इकडे बायको, तिकडे आईबाप, आणि बोरगावला खाट टाकायच्या तयारीत मामा. त्याला झोप येईना. तो उठला आणि संगणकासमोर जाऊन बसला.

दामिनीच्या फाइलमध्ये पहिली चौकट सोडून दुसरीकडे अक्षर उमटेना. मग त्यानं नवी फाइल काढली, ती टिक काढून टाकली आणि दहा चौकटी दहा ठिकाणी मोकळ्या झाल्या. पहिल्या दोन त्यानं दामिनीला दिल्या, बाकीच्या बाबा, भाऊ, मामा आणि आई यांना दोन-दोन वाटल्या. नाव दिलं तर नंबर का नको म्हणून ज्याचा त्याचा नंबरही घातला. 'मिस्त्री' हा शब्द मात्र त्यानं सगळ्यांपुढं तसाच ठेवला, कारण कोणाला कमी आणि कोणाला जास्त असं त्याला करवेना. एक पान साध्या कागदावर छापलं, कात्रीनं कापलं, आणि सकाळी एकेकाला बाजूला घेऊन हातात दिलं. दामिनीला दाखवू नका, एवढं मात्र बजावलं. घर एकदम शांत झालं. शांताबाईंनी त्या दिवशी भांडी अलगद ठेवली.

चूक झाली ती फाइल बंद करताना. त्यानं तिला दामिनीच्याच फाइलचं नाव दिलं. यंत्रानं विचारलं, या नावाची एक फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? हेमराजनं आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. यंत्रालाही तो हो म्हणाला.

घरच्या प्रिंटरमध्ये जाड कागद अडकतो, म्हणून शनिवारी दामिनीनं फाइल न उघडताच पेनड्राइव्हवर घेतली आणि स्टँडाजवळच्या ऑनलाइन सेंटरवर दिली. सेंटरवाल्यानं पानं छापली, थप्पी केली आणि मशीनखाली कापली. आता थप्पी कापली की काय होतं? सगळ्या पानांतली पहिली चौकट एका गठ्ठ्यात, दुसरी दुसऱ्यात. असे दहा गठ्ठे एकावर एक रचून त्याला रबर लावून तिच्या हाती दिलं. दामिनीनं वरची पंधरा-वीस कार्डं चाळून पाहिली. मिस्त्री दामिनी, मिस्त्री दामिनी, मिस्त्री दामिनी. तिचा जीव सुपाएवढा झाला.

मेळाव्यात तिनं निळी साडी नेसली होती आणि टेबलावर एक मोटार उघडून ठेवली होती. लोक यायचे, मोटार पाहायचे आणि त्यांच्या तोंडून तोच प्रश्न निघायचा. ती काही न बोलता कार्ड द्यायची. गिऱ्हाईक कार्ड वाचायचा, तिच्याकडे पाहायचा, पुन्हा कार्ड वाचायचा. आता छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार, असा भाव त्याच्या तोंडावर यायचा. पहिला तास असा गेला, की अतुलला बोलावून दाखवावं असं तिला वाटलं.

मग गर्दी वाढली. ती एका हातानं कार्ड देत होती, दुसऱ्या हातानं वाइंडिंग दाखवत होती आणि तोंडानं बोलत होती. कार्ड कोण बघतो? गठ्ठा खाली खाली जात होता. रामाकोन्याचे एक म्हातारे बागायतदार मात्र चष्मा लावून वाचणारे निघाले.

"तुमी शांताबाई का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. शांताबाई माह्या सासूबाई."

"मंग मोटार सासू भरते का? चांगलं हाये."

दामिनीनं कार्ड हिसकावूनच घेतलं. मग हातातला गठ्ठा पाहिला. तळाशी फक्त शांताबाई उरल्या होत्या, त्याही मोजक्याच. तिनं टेबलासमोरून चाललेल्या एकाला थांबवून त्याचं कार्ड मागितलं. त्यावर चिंधूमामा होते. दुसऱ्याच्या खिशातून वीरेंद्रभाऊजी निघाले. ज्या नावासाठी एवढा जीव काढला, ते नाव चार मिस्त्र्यांच्या गर्दीत कुठंतरी गेलं होतं, आणि ती कार्डं आता निम्म्या तालुक्याच्या खिशात होती.

घरी आल्यावर हेमराजनं तिचा चेहरा पाहिला आणि न विचारताच सगळं कबूल केलं. एकेका गावात जाऊन कार्डं परत आणतो, असंही म्हणाला. दामिनीला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मग तिनं तोंड धुतलं आणि पदरानं पुसत म्हणाली, "काही परत आणू नका. ज्याचं नाव त्याचं काम. आन घरात कोणाले एक शब्द सांगतला, त मंग पाहा."

सोमवारी पहाटे, शेतातली विजेची लाइन आल्याबरोबर, पहिला फोन पुंडलिकरावांना आला. मोटार घुं करते आणि पाणी फेकत नाही, काय करू? पुंडलिकराव म्हणाले, देवाचं नाव घे. पलीकडच्यानं नाव घेतलं, बटण दाबलं, आणि मोटार जळाली. मग त्यानं पुंडलिकरावांना जी नावं घेतली ती देवाची नव्हती.

वीरेंद्रभाऊजी चहाच्या टपरीवर उभे होते. फोनवर ते म्हणाले, मी सध्या नागपुरात आहे, आठवड्यानं येतो. त्यांच्या मागच्याच बाकावर बसलेला माणूस उठला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बरं झालं मिस्त्री, नागपूर लयच जवळ आलं.

शांताबाईंचं निराळंच. त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण रागवायला कळण्याची गरज नसते. मोटार जळाली म्हटलं की त्या विचारायच्या, "जळेपर्यंत तू काय करून राहिला होता?" निम्मे लोक घाबरून स्वतःच फ्यूज तपासायचे आणि त्यातल्या काहींच्या मोटारी सुरूही व्हायच्या.

सगळ्यात कहर झाला बोरगावला. चिंधूमामांना फोन आला तेव्हा त्यांनी नाही म्हणायचं सोडून पांढरंधोप धोतर नेसलं, फेटा बांधला आणि शेतावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी मिस्त्री म्हणून बोलावलं होतं. त्यांनी स्टार्टरची पेटी उघडली, आत बराच वेळ पाहिलं, दोन तारा इकडच्या तिकडे केल्या आणि आता लावा म्हणाले. पेटीतून जाळ निघाला आणि फेट्याचा शेमला भुरकन पेटला. माणसांनी मामांना उचललं आणि हौदात बुडवलं. मामांना काही झालं नाही. मोटारीचा मात्र कोळसा झाला आणि शेतवाला काही मामांना सोडेना. त्यानं जळकी मोटार आणि ओले मामा एकाच गाडीत घातले आणि सौंसरला दामिनीच्या दारात आणून उतरवले.

संध्याकाळी सगळे शेडमध्ये जमले. न बोलावता. मामा त्यांनीच दिलेल्या स्टुलावर, बिनाफेट्याचे बसले होते. पुंडलिकरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सूनबाई, आमचं नाव खोडून टाक वो."

"आता कसं खोडू, बाबा? छापून झालं."

"पण आमाले यातलं काय समजते?"

"हेच मी त्या दिवशी जेवताना म्हणत होती," दामिनी म्हणाली. ती रागानं नाही बोलली. "मले समजते. म्हणून मले नाव पायजे होतं. तुमाले वाटलं, पत्रिका हाये. मांडवात बसाचं आन जेवाचं."

चिंधूमामांनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिथं सगळ्यांनीच घातली, हेमराजनं सगळ्यात जास्त. मग दामिनीनं निकाल दिला. ज्याला फोन येईल त्यानं मोटार दुकानात आणायची, आणि आणताना गिऱ्हाइकाला आपल्या तोंडानं सांगायचं, की मिस्त्री कोण आहे. यात सूट कोणालाच नाही.

चार माणसं चार दिशांनी मोटारी आणू लागली. एवढं काम त्या शेडनं कधी पाहिलं नव्हतं. वीरेंद्रभाऊजी टपरीवरून मोटारी गोळा करायचे. मामा बोरगावात सांगत फिरायचे, की मोटारीला हात लावायचा अधिकार आमच्या सुनेशिवाय कोणाला नाही, मी लावून पाहिलेला आहे. पुंडलिकराव तर शेडच्या दारात खुर्ची टाकूनच बसू लागले. आलेल्या मोटारीला गिऱ्हाइकाच्या नावाचं लेबल तारेनं बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. लेबलं म्हणजे तीच, अतुलच्या प्रेसची गुलाबाची कार्डं. मागून कोरी होतीच.

लग्नसराई ऐन भरात असताना एक दिवस अतुल धापा टाकत आला. कागद कापायच्या मशीनची मोटार जळाली होती, पत्रिकांचे ढीग पडून होते आणि वरबाप दारात बसले होते. मोटार खाली ठेवून त्यानं सवयीनं पुंडलिकरावांना विचारलं, "बाबा, मिस्त्री कुठं हाये?"

पुंडलिकरावांनी चष्मा वर केला. "समोर बसली हाये. दिसून नाही राहिली का तुले?"

अतुल ओशाळला. उद्या सकाळी पायजेच, वहिनी, म्हणाला. दामिनीनं मोटार उघडून पाहिली, वास घेतला आणि सकाळी मिळेल म्हणाली. मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, हे लेबल मी लिहीन." तिनं एक कार्ड घेतलं, उलटं केलं, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि तारेनं मोटारीला घट्ट बांधलं. अतुलनं वाकून वाचलं. 'इंदूबाई प्रेसवाल्या'.

इंदू म्हणजे त्याची बायको.

"वहिनी, प्रेस त माझी हाये."

"हाये ना. पण छपाईच्या कामात माणसाचं नाव बरं नाही दिसत, भाऊ. इंदूबाईचं मी माझ्या मनानंच टाकलं. पाहा, कसं शोभून दिसते. आन ज्याचं नाव लेबलावर, मोटार त्याच्याच हाती देते मी. सकाळी त्याईलेच पाठवा."

काही बोलायला अतुलनं तोंड उघडलं, पण मशीन आठवलं आणि मिटलं.

सकाळी इंदूबाई आल्या. नुसतं सामान न्यायचं आहे अशा घाईत आल्या होत्या, पण लेबल वाचलं आणि थबकल्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. तार सोडून देऊ का, असं दामिनीनं विचारलं, तर नको म्हणाल्या, असू द्या बांधलेलं. मोटार आपल्या हातानं रिक्षात ठेवली आणि गेल्या.

मोटार मशीनला बसली, लेबल तसंच राहिलं. अतुलनं काढायला दोनदा हात नेला, दोन्ही वेळा इंदूबाई मागं उभ्या होत्या. आता प्रेसमध्ये येणारा मशीनकडे पाहतो, लेबल वाचतो आणि काउंटरवरच्या अतुलला विचारतो, "इंदूबाई कुठं हायेत?"